साक्षीचा दात

बाबल चितारी माझ्या दारात आला तेव्हा त्याने कवळी घातलेली नव्हती. ओठ आत ओढले गेले होते आणि हनुवटीखाली रुमाल धरलेला होता, कारण त्याच्या तोंडातून सतत लाळ गळते. मी त्याला बस म्हटलं नाही. तो आपणच पडवीतल्या बाकावर बसला, जरा दम घेतला आणि म्हणाला, "परबानू, माका कुंदाचो दात होयो."

कुंदा म्हणजे माझी बायको. तिला जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं.

दाताचं प्रकरण आधी सांगायला हवं. सावंतवाडीच्या चितारअळीत लाकडी खेळणी होतात आणि गंजिफा होतात. गंजिफा म्हणजे पत्ते, पण गोल, आणि प्रत्येक पान हाताने रंगवलेलं. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचा एक राजा, एक प्रधान आणि दहा साधी पानं. मध्यंतरी परदेशातल्या लोकांना ही पानं जुन्याच रंगांत हवी झाली. लाल हिंगूळ, पिवळा हरताळ, सफेदा, शेंदूर. अळीत पुन्हा खल निघाले. जुनं म्हणजे शुद्ध, असं सगळे धरून चालले. हिंगुळात पारा असतो, हरताळात सोमलाचं विष, सफेद्यात आणि शेंदरात शिसं, हे कोणी विचारलं नाही. शिवाय चितारी माणूस ब्रशाला टोक काढतो ते ओठांत धरून. खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश, त्याला ओठांनी जसं टोक येतं तसं कशाने येत नाही. दिवसातून शेकडो वेळा तो ब्रश तोंडात जातो. लहान पोरं बघून बघून तेच शिकतात.

मग अळीतल्या माणसांची मूत्रपिंडं जायला लागली. सरकारने योजना काढली. अळीतलं कोणी वारलं की सरकारी दवाखाना घरच्यांना विचारून एक दाढ काढून ठेवतो. पोटात काय गेलं ते तिच्यातून वाचायचं की नाही, ते मात्र वारसाने ठरवायचं. कुंदाची दाढ मी काढू दिली, कारण त्या वेळी मला काहीच सुचत नव्हतं. वाचू दिली नाही. गेलेल्या माणसाला पुन्हा कापायचं कशाला, एवढंच माझं म्हणणं.

बाबलचीही मूत्रपिंडं गेलीच होती. त्याला वाचवायला औषध होतं, पण कुठल्या वर्षी कुठला रंग किती पोटात गेला ते कळल्याशिवाय देणं धोक्याचं होतं, आणि ते फक्त दात सांगतो. बाबलच्या तोंडात एकही नव्हता. कधी पडले, कुठे टाकले, त्यालाही आठवत नव्हतं. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, तुमच्या शेजारी बसून, त्याच रंगांत, त्याच ब्रशांनी कोणी काम केलंय का? अशा माणसाचा दात चालतो. त्याला ते साक्षीचा दात म्हणतात.

"मी कुंदाचा नाव सांगलंय," बाबल म्हणाला. "न्हानपणापासून शेवटापर्यंत आमी एकाच चौरंगार काम केला."

मी विचारलं, "शेवटापर्यंत म्हणजे खयपर्यंत?"

त्याने तोंड पुसलं आणि अंगणाकडे बघितलं. "गेल्या शिमग्यापर्यंत."

"ती चौदा वर्सां ब्रशाक शिवूक नाय."

"हात लावूक नाय, ता खरा," तो म्हणाला, आणि उठला. जाताना त्याला पायरी दिसली नाही म्हणून तो खांबाला धरून उभा राहिला. मी उठलो नाही.

मी नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्यात पंपचालक होतो. पहाटे जाऊन पंप सुरू करायचा, टाक्या भरायच्या, पावडर टाकायची, वॉल्व्ह सोडायचे. आता ते सगळं आपोआप होतं, पण माझ्या वेळी गावाचं पाणी माझ्या हातावर चालत होतं. चित्रातलं मला काही कळत नाही. कुंदा अळीतली मुलगी. लग्नाआधी बाबलच्या वडिलांकडे शिकली, लग्नानंतरही तिथेच कामाला जात राहिली. मला ते आवडायचं असं नाही. बाबलने लग्न केलं नव्हतं. अळीतले लोक मला बघून काहीबाही बोलायचे. "पाणी परबाचा, रंग बाबलचो," असं एकाने माझ्यादेखत म्हटलं होतं आणि सगळे हसले होते. मीही हसलो होतो.

आमच्या लग्नात बाबलने एक पाट रंगवून दिला होता. कडेने वेल, मध्ये दोन पोपट. जेवायला ती त्याच पाटावर बसायची. मी तो कितीदा माळ्यावर टाकला. तो पुन्हा खाली यायचा, पुसलेला.

चौदा वर्षांपूर्वी तिच्या रक्ताची पहिली तपासणी वाईट आली. डॉक्टर म्हणाले, हे काम बंद. त्या दिवशी तिने माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, पुन्हा ब्रश हातात धरणार नाही. मी तिला ओळखत होतो. शपथ मोडणारी बाई नव्हती ती. मग वर्षभराने तिने दुपारच्या भजनाला देवळात जायला सुरुवात केली. रोज जायची आणि उन्हं कलली की यायची. कधीकधी ओठ आणि जीभ लाल असायची. देवळात कोकमाचं सरबत देतात, म्हणायची. तोंडालाही कोकमाचा वास असायचाच. मला बरं वाटायचं. बाबलच्या चौरंगापेक्षा देव बरा.

बाबल दात मागून निघून गेल्यावर मी देवळात गेलो. भजनाचं बघतात त्या गुरवबाईंना विचारलं, कुंदा कुठे बसायची? त्या जरा गोंधळल्या. म्हणाल्या, कुंदावहिनी एकादशीला यायच्या, वर्गणी द्यायच्या, पण रोजच्या भजनाला कधी दिसल्या नाहीत. मी म्हटलं, मग सरबत? त्या म्हणाल्या, सरबत रामनवमीला असतं.

घरी आलो आणि पाट काढून अंगणात आपटला. फुटला नाही. फणसाचं लाकूड.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. बाबलसाठी नाही. मला बघायचं होतं.

तिथल्या डॉक्टर मेलिसा फर्नांडिस वेंगुर्ल्याच्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या असतील, मला मुलगी असती तर. त्यांना मी सांगितलं, दात वाचा, पण फक्त मला सांगा, बाबलच्या उपचारात वापरायचा नाही. त्यांनी योजनेचा कागद काढून बघितला. मग म्हणाल्या, तसा तुम्हाला हक्क आहे.

दाढ एका लहान काचेच्या कुपीत होती. मी ती ओळखली नाही. इतकी वर्षं समोर बसून जेवलो आणि तिची दाढ कशी होती ते मला माहीत नव्हतं.

मशीन शिवणयंत्राएवढं. डॉक्टरांनी दाढेच्या मुळाची एक पातळ चकती काढली आणि पडद्यावर मोठी करून दाखवली. दाताच्या मुळावर सिमेंटसारखा एक थर असतो, तो जन्मभर वाढतो, वर्षाला एक रेघ. झाडाच्या बुंध्यात असतात तशा. त्या वर्षी शरीरात जे धातू फिरत होते, त्यांतले थोडे त्या रेघेत अडकतात आणि तिथेच राहतात. मशीन एकेका रेघेवर प्रकाशाचा बारीक ठिपका मारतं, तेवढा कण वाफ होतो, आणि त्या वाफेतले अणू मोजले जातात.

"नुसतं शिसं आहे एवढंच नाही कळत," डॉक्टर म्हणाल्या. "कुठलं शिसं ते कळतं. सगळ्या शिशाचे अणू एका वजनाचे नसतात. हलके आणि जड यांचं मिश्रण प्रत्येक खाणीचं वेगळं. सफेदा एका खाणीतला, शेंदूर दुसऱ्या. त्यामुळे रंगाचा डबासुद्धा सांगता येतो."

हे मला कळलं. नदीचं पाणी, विहिरीचं पाणी आणि बोअरचं पाणी मी चवीवरून सांगू शकायचो.

डॉक्टर आतल्या रेघांपासून बाहेरच्या वाचत आल्या. लहानपणाच्या रेघा कोऱ्या. मग शेंदूर आला, मग सफेदा. मग परदेशी मागणीची वर्षं, तिथे हिंगूळ आणि हरताळ एकदम चढले. मध्येच डॉक्टर थांबल्या. "इथे पाणी बदललंय. आधी विहिरीचं होतं, इथून पुढे नळाचं. या वर्षी घर बदललं का त्यांनी?"

मी वर्ष मोजलं. आमच्या लग्नाचं.

मग पुढे चौदा वर्षांपूर्वीची जागा आली. तिथे सगळे रंग थांबले होते. एक रेघ जवळजवळ कोरी. मी म्हटलं, बघा, सोडलंन तिने. डॉक्टरांनी चित्र पुढे सरकवलं. त्यापुढच्या रेघेत हिंगूळ पुन्हा होता. त्याच्या पुढच्या रेघेतही. अगदी बाहेरच्या, शेवटच्या रेघेपर्यंत.

"एक गोष्ट विचित्र आहे," डॉक्टर म्हणाल्या. "चितारी रंग घोटतो तेव्हा खलाच्या दगडाची पूड उडते. ती श्वासातून जाते, तिच्या खुणा रंगाबरोबर सापडतात. आधीच्या वर्षांत त्या आहेत. या तेरा वर्षांत नाहीत. यांनी रंग घोटला नाही. चौरंगाशी बसून काम केलं असं म्हणावं तर तेवढंही नाही. रंग फक्त तोंडातून गेलाय. थोडा थोडा, पण रोज. घरात कोणी काही रंगवत होतं का?"

मी म्हटलं, नाही.

मी पडद्यावरच्या रेघांकडे बघत राहिलो. लाल, पिवळ्या, पांढऱ्या. प्रत्येकात बाबलची खोली होती. शेवटी न राहवून विचारलं, "यात माझं काही आहे का?"

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांनी पुन्हा रेघा मागेपुढे केल्या. मला वाटतं त्या मनापासून शोधत होत्या. "पाणी आहे, परबकाका," त्या म्हणाल्या. "तुमचं पाणी लग्नापासून शेवटपर्यंत आहे."

"ते सगळ्या गावाच्या दातांत असेल."

"हो," त्या म्हणाल्या. "आहे."

मी दवाखान्यातून सरळ चितारअळीत गेलो. दुपार होती. बाबलची खोली रस्त्यालाच आहे. दार उघडं होतं. तो भिंतीला टेकून बसला होता, पुढ्यात चौरंग, चौरंगावर गोल पानं वाळत टाकल्यासारखी मांडलेली. रंग सुकून गेलेले. त्याचे हात आता थरथरतात, त्यामुळे काम बंदच होतं. चौरंगाच्या पलीकडे एक लहान चटई होती, तिचा मधला भाग झिजलेला. मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मी उभ्यानेच म्हटलं, "तू तिका काय करूक लावलंस?"

"मी काय लावूक नाय. ती आपणच इली."

मग त्याने सांगितलं. मधूनमधून तोंड पुसत, सावकाश. पाऱ्याने आधी त्याच्या हिरड्या गेल्या, मग दात. मग लाळ सुटली ती थांबेना. ब्रश ओठांत धरला की चिंब भिजून बाहेर यायचा, पानावर टेकवला की रंग पसरायचा. हात तेव्हा चांगले होते, नजर चांगली होती, पण टोक काढता येत नव्हतं. कापडावर काढून बघितलं, बोटांनी वळून बघितलं. डोळ्याची रेघ येईना. त्याने काम बंद केलं. हे अळीत कळलं आणि कुंदाच्या कानावर गेलं.

"एक दिस दुपारी इली, हय समोर बसली," तो म्हणाला. "म्हणाली, 'दी हय.' ब्रश मीच धरलंय. तिना हातात घेवक नाय, तुमची शपथ होती. तिना नुसता टोक काढून दिला."

तेव्हापासून रोज. तो ब्रश रंगात बुडवायचा, तिच्या तोंडापुढे धरायचा, ती ओठांत घेऊन टोक काढायची, तो रेघ मारायचा. जाताना ती कोकमाच्या आगळाने चूळ भरायची. हिंगुळाचा लाल आणि कोकमाचा लाल, मला वेगळा कळू नये म्हणून.

मी त्या चटईकडे बघत होतो. मला डोळ्यांपुढे दिसत होतं. त्याचा हात पुढे होतोय आणि तिचा चेहरा पुढे होतोय. मी पंपावरून येऊन दुपारी घोरत पडलेला असायचो, तेव्हा.

मी विचारलं, "तू तिका कधी हात लावलंस?"

तो हसला. दात नसलेल्या माणसाचं हसणं वाईट दिसतं. "ह्या तोंडान? माका माझी लाळ आवरणा नाय, परबानू."

"मग ती कशाक येय?"

"ता माका म्हायत नाय. मी इचारलंय एकदा. म्हणाली, तुझ्या हातात अजून रेघ आसा." त्याने चौरंगावरच्या पानांकडे बघितलं. "बाकी आमी गजालीच मारू. एकदा तर ती इतकी हसली, ब्रश तोंडात, आणि हसता हसता सगळो हिंगूळ माझ्या सदऱ्यार..."

एवढं बोलून त्याला ठसका लागला. लाळ घशात गेली असावी. तो बराच वेळ खोकत राहिला, डोळ्यांतून पाणी आलं. मी त्याला पाणी दिलं. माझ्याच हाताने दिलं, ते मला नंतर आठवलं. खोकला थांबल्यावर तो डोळे मिटून पडून राहिला. ती कशाला हसली, ते मी विचारलं नाही. त्याच्याकडे मागायचं नव्हतं मला.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांचा फोन आला. बाबलची मूत्रपिंडं आणखी खालावली होती. त्यांनी मला बोलावून नीट समजावलं. औषधं दोन आहेत. एक पारा ओढून काढतं, एक शिसं. पाऱ्याचं औषध जोरदार आहे. ताजा पारा अंगात असेल तर त्याने माणूस वाचतो. पण पारा जुना आणि थोडा असेल, आणि हाडांत शिसं मुरलेलं असेल, तर तेच औषध हाडातलं शिसं सैल करून मेंदूत पोचवतं. रक्त आणि लघवी तपासून हे कळायला हवं, पण मूत्रपिंड बंद पडत आलं की त्या तपासण्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

"बाबल गेल्या शिमग्यापर्यंत हिंगुळात काम करत होते," डॉक्टर म्हणाल्या. "दाताशिवाय आम्ही असंच धरणार की ताजा पारा भरपूर आहे, आणि पाऱ्याचं औषध देणार. थांबायला वेळ नाही. म्हणून विचारते, परबकाका. त्या दातात जे दिसतंय त्यावरून तुम्हाला काही माहीत आहे का? आणि ते मला वापरू द्याल का?"

मला माहीत होतं. ब्रश त्याच्या तोंडात गेलाच नव्हता. तेरा वर्षांचा हिंगूळ तिच्यात होता, त्याच्यात नव्हता. त्याच्या वाट्याचा तिने घेतला होता. मी एवढं बोललो असतो तर डॉक्टरांनी औषध बदललं असतं. मी म्हटलं, विचार करून सांगतो.

खरं ते लिहितो. मला तो मरायला हवा होता. मी त्याला मारणार नव्हतो, फक्त गप्प बसणार होतो. ती माझी बायको. तिच्या दातावर माझा हक्क, सरकारनेच दिलेला. तिने जे त्याच्यासाठी केलं ते तिच्याबरोबर जळून गेलं, असं समजायचं. मी पाट पुन्हा माळ्यावर टाकला. या वेळी तो खाली आणणारं कोणी नव्हतं.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. ती कशाला हसली?

घरी कुंदा हसायची, पण ओठांतल्या ओठांत. तोंडातलं सांडेल इतकं हसताना मी तिला पाहिलं नाही. मी आठवून बघितलं. लग्नातलं, बाळ पोटात गेलं त्याच्या आधीचं, आम्ही गोव्याला गेलो तेव्हाचं. नाही. मग मी तिच्या दुपारी आठवायला लागलो आणि माझ्याकडे दुपारी नव्हत्याच. सकाळी होत्या, चहाच्या. संध्याकाळी होत्या, वाती करायच्या. तेरा वर्षांच्या दुपारी बाबलकडे होत्या. ती काय बोलायची, कशावरून चिडायची, माझ्याबद्दल काय सांगायची, सगळं त्या लाळ गळणाऱ्या म्हाताऱ्याच्या डोक्यात. आणि तो मेला की ते जाणार. शिसं मेंदूत पोचलं तर मरायच्या आधीच जाणार.

माझं अर्धं माणूस त्याच्याकडे होतं, आणि मी ते त्याच्याबरोबर जाळायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी मी चालत दवाखान्यात गेलो. बिनचालकाची एसटी फाटकाशी थांबते, पण मला तिचा भरवसा वाटत नाही. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ब्रश कोण धरायचा, टोक कोण काढायचं, कधीपासून. त्या ऐकताना मध्येच खाली बघायला लागल्या. मग म्हणाल्या, म्हणून दगडाची पूड नव्हती.

संमती तोंडी द्यावी लागते. यंत्रासमोर आपलं नाव आणि मृताशी नातं सांगायचं. मी म्हटलं, "मी रत्नाकर परब. कुंदाचा नवरा." यंत्राने पुढचं बोला असं सांगितलं. मी पुन्हा म्हटलं, "कुंदाचा नवरा." डॉक्टरांनी मला थांबवलं नाही. मग मी बाकीचं बोललो.

बाबलला शिशाचं औषध सुरू झालं. हळूहळू ठिबकतं ते, आठवड्यातून दोनदा, दुपारचं. पहिल्या दुपारी मी त्याच्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसलो. त्याने मला बघितलं आणि तोंड पुसायला रुमाल शोधला. मी उशाखालचा काढून दिला.

"आता सांग," मी म्हटलं. "ती कशाक हसली?"

त्याला आठवायला वेळ लागला, की त्याने मुद्दाम लावला, कोण जाणे.

"वामनाचो प्रधान काढी होतंय," तो म्हणाला. वामनाच्या पानांवर कमंडलू असतो, हे मलाही माहीत आहे. प्रधान घोड्यावर, आणि राजा म्हणजे खुद्द बुटका वामन. "ती म्हणाली, तेका परबांची मिशी काढ. पहाटे उठान गावाक पाणी सोडतत, आणि चालतत असे की समुद्र तेंच्याच खिशात आसा."

मी ओठावरून बोट फिरवलं. मिशी मी तेव्हा ठेवायचो. मी तसा चालायचो का, ते मला माहीत नाही. ती मला पाठमोरा बघत असणार. पहाटे दार लावताना.

मग मला राग आला. मला हसली, आणि हसली ती याच्यापुढे. घरी येऊन सांगितलं असतं तर मीही हसलो असतो. बहुतेक.

"ता पान खय आसा?" मी विचारलं.

"चौरंगार. तुमी त्या दिसा बघलात नाय. तुमी चटईच बघी होतात."

ठिबक पडत होतं. मी स्टूल जरा पुढे ओढलं. मग जे विचारायचं नव्हतं ते विचारलं. "मी प्रधान. मग राजाक कोणाचा तोंड?"

बाबल ठेंगणा माणूस आहे, खाटेवर त्याचे पाय मधेच संपतात. त्याने डोळे मिटले. ओठ आत ओढून घेतले. मला वाटलं, झोपला.

"वामन अजून काढूक नाय," तो म्हणाला. "टोक कोण काढून देतला?"

"कापडार काढूक शिक," मी म्हटलं. "तोंडात घालूचो नाय."

"कापडार डोळो येणा नाय, परबानू."

"येतलो. मी धरतंय कापड." मी रुमाल घेऊन त्याची हनुवटी पुसली, जरा जोरातच. "बरो हो आदी. माका तो राजा बघूचो आसा."